वेग वाढला, पण चेंडू तिथेच पडत राहिला: वजनी काठ्यांच्या संचाचा सात महिन्यांचा अनुभव

गोल्फमध्ये ड्रायव्हरचा, म्हणजे सर्वांत लांब फटक्यासाठीच्या क्लबचा (काठीचा), फटका लांब जावा म्हणून घेतलेला तीन वजनी काठ्यांचा संच आणि सोबतचा वेग मोजणारा छोटा रडार मी सात महिने वापरत आहे. यातली एक काठी ड्रायव्हरपेक्षा सुमारे 20 टक्के हलकी, दुसरी 10 टक्के हलकी आणि तिसरी 5 टक्के जड आहे. हलकी काठी फिरवताना शरीराला जलद हालचालीची सवय लागते आणि ती पुढे खऱ्या क्लबमध्ये उतरते, अशी यामागची कल्पना आहे. आठवड्यातून तीनदा, मध्ये एक दिवस सोडून, वीसेक मिनिटे, चेंडू न ठेवता पूर्ण जोराने काठी फिरवायची असते. उलट्या बाजूनेही फिरवावी लागते, आणि ते करताना कोणी पाहत नसलेले बरे.

पहिल्या दहा आठवड्यांत माझ्या ड्रायव्हरचा वेग ताशी 88 मैलांवरून 93 वर गेला. रडारवरचा आकडा पाहून मी खूश होतो, मैदानावर मात्र चेंडू पूर्वीच्याच ठिकाणी पडत होता. रेंजवरच्या, म्हणजे सरावाच्या जागेवरच्या, लाँच मॉनिटरने (फटक्याचे आकडे मोजणाऱ्या यंत्राने) कोडे सोडवले. चेंडूच्या वेगाला क्लबहेडच्या (चेंडूला भिडणाऱ्या क्लबच्या टोकाच्या) वेगाने भागले की स्मॅश फॅक्टर मिळतो, आणि ड्रायव्हरचा फटका मधोमध बसला तर तो 1.5 च्या आसपास जातो. माझा 1.41 होता, तो 1.33 वर घसरला होता. म्हणजे चेंडूचा वेग आधीही ताशी 124 मैल आणि नंतरही 124 मैलच, वाढवलेला सगळा वेग फटक्याच्या चुकीत जिरत होता.

क्लबच्या तोंडावर पावडर लावून दहा चेंडू मारले, तेव्हा आठ ठसे हीलकडे, म्हणजे दांड्याजवळच्या बाजूला, उमटले. जोर लावण्याच्या नादात माझे वजन डाउनस्विंगमध्ये (क्लब खाली आणताना) पायांच्या बोटांवर जात होते आणि क्लब चेंडूच्या पलीकडे सरकत होता. पुढचे दोन महिने मी काठ्यांचे एक सत्र कमी करून त्या वेळात निम्म्या वेगाने, पावडरचा ठसा मध्यावर येईपर्यंत, चेंडू मारले. शिवाय चेंडू डाव्या टाचेच्या रेषेत घेतला आणि टी (चेंडू ठेवायची खुंटी) एवढी उंच केली की निम्मा चेंडू क्लबच्या वरच्या कडेच्या वर दिसावा, जेणेकरून क्लब वर चढताना चेंडूला भिडेल आणि फिरकी कमी राहील. आता वेग 94, स्मॅश फॅक्टर 1.45 आणि हवेतले अंतर 190 यार्डांवरून साधारण 215 यार्डांपर्यंत आले आहे.

संचाबद्दल तक्रारी आहेतच. जड काठीची पकड चौथ्या महिन्यात सैल झाली, आणि रडार थोडा तिरका ठेवला तरी आकडा बदलतो, म्हणून त्याची जागा मी जमिनीवर खुणेने पक्की केली आहे. सोबतच्या पुस्तिकेत फटका तोंडावर कुठे बसतो याविषयी एक ओळही नाही, ही मला सर्वांत मोठी उणीव वाटते. अंग न तापवता सुरुवात केल्यामुळे एकदा कंबर धरली आणि तीन आठवडे काठ्या कोपऱ्यात पडून राहिल्या. परतलो तेव्हा वेग दोन मैलांनी उतरला होता, म्हणून आता आठवड्यातून दोन सत्रे मी चुकवत नाही.