क्लासशिवाय परीक्षेला बसता येत नाही, असे सांगून आमच्याकडून घेतलेले दोन लाख चाळीस हजार

मी कोल्हापुरात एका माध्यमिक शाळेत २६ वर्षे गणित शिकवत आहे. माझ्या मुलीला वैमानिक व्हायचे आहे आणि त्यासाठी द्याव्या लागणाऱ्या लेखी परीक्षांच्या तयारीच्या नावाखाली शहरातील एका क्लासने आमची जी फसवणूक केली, ती येथे लिहीत आहे. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्याने क्लासचे आणि चालकांचे नाव मी देणार नाही. नावाने फारसा फरकही पडत नाही, कारण आम्हाला सांगितलेली खोटी गोष्ट दुसऱ्या गावात, दुसऱ्या पाटीखाली जशीच्या तशी सांगता येण्यासारखी आहे.

मुलगी २०२३ साली बारावी विज्ञान शाखेतून भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन उत्तीर्ण झाली. राजारामपुरीतील एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर पायलट परीक्षांचा क्लास असल्याचे आम्हाला एका परिचितांकडून कळले. दारावर डीजीसीए (देशातील नागरी विमान वाहतुकीचे नियमन करणारे सरकारी महासंचालनालय) मान्यताप्राप्त अशी ठळक पाटी होती, आत भिंतीवर विमानांची चित्रे होती आणि कोपऱ्यात संगणकाला जोडलेला एक जॉयस्टिक होता, ज्याला ते सिम्युलेटर म्हणत. चालक बोलण्यात अत्यंत नम्र होते. "सर, तुम्ही स्वतः शिक्षक, तुम्हाला मी काय सांगणार," असे म्हणूनच ते प्रत्येक गोष्ट सांगत. मी एकच प्रश्न विचारला होता, की पुस्तके आणून घरी अभ्यास केला तर चालेल का. त्यावर त्यांनी टेबलाच्या खणातून लॅमिनेट केलेला एक इंग्रजी कागद काढून माझ्यापुढे ठेवला. मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेत किमान ६५० तासांचे थिअरीचे प्रशिक्षण पूर्ण केल्याशिवाय आणि संस्थेने शिफारस केल्याशिवाय उमेदवाराला परीक्षेला बसता येत नाही, असे त्यावर स्पष्ट लिहिले होते.

मुलगी कागद वाचत होती. ती हळूच म्हणाली, "अण्णा, यात तेरा विषय लिहिलेत. आपल्याकडे तर पाचच पेपर असतात ना?" चालक हसून म्हणाले, की आता नवा पॅटर्न येतो आहे. मी मुलीला गप्प बसवले. वर्गात विद्यार्थ्याने शंका काढली तर मला आनंद होतो; त्या दिवशी मात्र परक्या माणसापुढे पोरीने मध्ये बोलावे याचा मला संकोच वाटला. तो कागद खोटा नव्हता, हे मला पुढे कळले. तो युरोपातील नियमांचा होता.

हा फरक नीट समजून घेतला पाहिजे, कारण सगळी फसवणूक त्यावरच उभी होती. युरोपातील देशांत एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलटच्या थिअरीसाठी तेरा विषय असतात, उत्तीर्ण होण्यासाठी ७५ टक्के लागतात आणि मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच परीक्षेला बसता येते. तेथे दूरस्थ पद्धतीने घरी अभ्यास करणाऱ्यालाही प्रशिक्षणाचा काही भाग प्रत्यक्ष वर्गात बसून पूर्ण करावा लागतो. ब्रिटनमध्येही साधारण हीच पद्धत आहे. भारतात आधी कमर्शियल पायलट लायसन्स काढायचे असते. त्यासाठी डीजीसीए एअर नेव्हिगेशन, एव्हिएशन मिटिऑरॉलॉजी (हवामानशास्त्र), एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल आणि टेक्निकल स्पेसिफिक हे पेपर घेते आणि प्रत्येकात ७० टक्के गुण लागतात. रेडिओटेलिफोनीची, म्हणजे विमानातून रेडिओवर बोलण्याची परीक्षा याहून वेगळी असते. या लेखी पेपरांना बसण्यासाठी अमुक तास कोणत्याही क्लासमध्ये हजर राहिल्याचा दाखला लागत नाही. उमेदवाराने डीजीसीएच्या 'परीक्षा' या संकेतस्थळावर स्वतः कॉम्प्युटर नंबर, म्हणजे उमेदवाराचा नोंदणी क्रमांक काढायचा, स्वतः अर्ज भरायचा आणि जाऊन पेपर द्यायचा. २०० तासांचे उड्डाण मात्र मान्यताप्राप्त संस्थेतच करावे लागते आणि डीजीसीएची मान्यता असते ती अशा उड्डाण प्रशिक्षण संस्थांना. त्यांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. आमच्या क्लासचे नाव त्या यादीत असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण त्यांच्याकडे जॉयस्टिकखेरीज उडवण्यासारखे काही नव्हते.

फी २ लाख ४० हजार सांगण्यात आली. त्यात १५ हजार कॉम्प्युटर नंबर काढून देण्याचे आणि ६० हजार एटीपीएल (एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट लायसन्स) पॅकेजचे होते. भारतात एटीपीएल हे लायसन्स मिळण्यासाठी १५०० तासांचे उड्डाण लागते. नुकत्याच बारावी झालेल्या, विमानाला हातही न लावलेल्या मुलीला ते पॅकेज विकणे म्हणजे बालवाडीत प्रवेश देताना पदवीदान समारंभाचा झगा शिवून घ्यायला लावण्यासारखे होते. टेक्निकल स्पेसिफिकची शिकवणीही त्यात धरली होती. हा पेपर विशिष्ट विमानावर असतो. सेस्ना १७२ या लहान प्रशिक्षण विमानावर शिकणाऱ्याला त्या विमानाचे इंजिन, इंधन व्यवस्था आणि मर्यादा अभ्यासाव्या लागतात. उड्डाण संस्था ठरली नाही तोवर विमान ठरत नाही आणि विमान ठरले नाही तोवर हा विषय कशाचा शिकवणार, हा साधा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. वैद्यकीय तपासणीचा तर कोणी उल्लेखही केला नाही. खरे म्हणजे एकही रुपया खर्च करण्याआधी वैमानिकांसाठी ठरलेली क्लास टू आणि मग अधिक कडक क्लास वन ही वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, कारण रंग ओळखण्यात किंवा अन्य कशात अडचण निघाली तर पुढचा सारा खर्च वाया जातो.

आता माझ्या चुकीचा भाग. कोचिंगवर १८ टक्के जीएसटी लागतो. चालकांनी सुचवले, की पक्क्या पावतीचा आग्रह नसेल तर तेवढी बचत होईल. २ लाख ४० हजारांचे १८ टक्के म्हणजे ४३ हजार २०० रुपये, हा हिशेब मी क्षणात केला आणि ९० हजारांचा धनादेश देऊन उरलेले दीड लाख शिक्षकांच्या पतसंस्थेतून काढलेल्या कर्जातून रोख दिले. मिळालेल्या साध्या पावतीवर 'करिअर मार्गदर्शन शुल्क, परत मिळणार नाही' असे छापलेले होते; शिकवणीचा, परीक्षेचा किंवा विषयांचा उल्लेख नव्हता. त्याच दिवशी कॉम्प्युटर नंबरसाठी लागतात म्हणून त्यांनी मुलीच्या दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिकाही ठेवून घेतल्या.

पहिले सहा आठवडे खरोखर चांगले गेले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. स्वतः लायसन्स काढून विमान कंपनीतील नोकरीची वाट पाहत असलेला एक तरुण हवामानशास्त्र शिकवायला येई. डोंगराला अडून वर चढणारे ढग समजावताना त्याने गगनबावड्याचा धुवाधार पाऊस आणि पूर्वेला शिरोळकडे जाताना विरळ होत जाणारा पाऊस यांचे उदाहरण दिले होते. ती गोष्ट पोरे विसरणे शक्य नाही. चांगला शिक्षक वर्गात हेच करतो आणि ते पुस्तकाला जमत नाही, असे माझे आजही मत आहे. परंतु त्याला नोकरी लागली आणि तो निघून गेला. त्याचेही तीन महिन्यांचे पैसे राहिले होते, असे नंतर समजले. त्यानंतर वर्गात पडद्यावर कोणाची तरी ध्वनिचित्रफीत लावली जाई आणि हातात जुन्या प्रश्नसंचाच्या छायाप्रती दिल्या जात. त्यातील नियमांच्या विषयाची काही उत्तरे कालबाह्य होती. कारण विचारले तर, "उत्तर पाठ करा, तेच येतं," एवढेच सांगितले जाई.

परीक्षेचे सत्र जवळ आले तरी कॉम्प्युटर नंबर आला नाही. विचारले की फाइल दिल्लीत आहे, बारावीच्या गुणपत्रिकेची पडताळणी मंडळाकडून व्हायची आहे, असे उत्तर मिळे. राज्य मंडळाचे विभागीय कार्यालय कोल्हापुरातच आहे, हे त्यांच्या ध्यानात नसावे. एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी अर्ज घेऊन चौकशीला जाण्याचे ठरवले आणि सोमवारी रजा टाकून गेलो. तेथील लिपिकाने नोंदी पाहिल्या आणि माझ्या मुलीच्या बैठक क्रमांकाबाबत पडताळणीची कोणतीही मागणी आलेली नाही, असे सांगितले. सात महिन्यांत अर्जच केला गेला नव्हता. त्याच रात्री मुलीने डीजीसीएचे संकेतस्थळ उघडून सूचना वाचून काढल्या आणि मला बोलावून म्हणाली, "अण्णा, हे सगळं आपल्यालाच भरता येतंय. क्लासचं नाव कुठं विचारलेलंच नाही."

दुसऱ्या दिवशी मी क्लासवर गेलो. चालकांची नम्रता शाबूत होती. पैसे परत मिळणार नाहीत, पावती वाचावी, असे त्यांनी सुचवले. गुणपत्रिका मुंबईच्या कार्यालयात असल्याचे सांगितले. पोलीस ठाण्यात तक्रार देतो म्हटल्यावर त्या बाजूच्याच कपाटातून निघाल्या. तुकडीतील चौदा पालकांपैकी पाच जण तक्रारीला तयार झाले. बाकीच्यांपैकी काहींनी सगळी रक्कम रोख दिली होती, तर काहींना नातेवाइकांत बभ्रा नको होता. आम्ही वकिलामार्फत नोटीस दिली आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे तक्रार केली. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही, मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. माझ्या बाजूने असलेला भक्कम पुरावा ९० हजारांच्या धनादेशाचा आहे. ४३ हजार २०० वाचवण्याच्या नादात उरलेले दीड लाख मी स्वतःच अदृश्य करून ठेवले, असे वकील मला दर भेटीत आठवण करून देतात. तो लॅमिनेट केलेला कागद मात्र तक्रारीला जोडता आला, कारण आमच्यातील एका पालकाने पहिल्याच भेटीत मोबाइलवर त्याचे छायाचित्र काढले होते.

मुलीने त्यानंतर घरी अभ्यास केला. गुणपत्रिकेची पडताळणी तिने स्वतः करून घेतली आणि कॉम्प्युटर नंबर मिळाला. एअर रेग्युलेशन्स हा विषय शांतपणे वाचणाऱ्याला एकट्याने जमतो. अट इतकीच, की पुस्तक ताजे असावे आणि नियम बदलले की ते मूळ ठिकाणी तपासण्याची सवय असावी. हवामानशास्त्रात त्या तरुणाने घातलेला पाया कामी आला. नेव्हिगेशन मात्र अवघड गेले. एका संध्याकाळी ती कन्व्हर्जन्सीच्या, म्हणजे दोन ठिकाणच्या रेखावृत्तांमधील कोनाच्या सूत्रावर अडली होती. रेखांशांतील फरकाला सरासरी अक्षांशाच्या साइनने गुणायचे, एवढेच ते सूत्र. मुंबई आणि कोलकाता यांच्या रेखांशांत सुमारे साडेपंधरा अंशांचा फरक, सरासरी अक्षांश २१ च्या आसपास, त्याचा साइन ०.३६, म्हणजे दोन्हीकडच्या उत्तर दिशांत साधारण साडेपाच अंशांचा कोन पडतो. संत्र्याच्या फोडींसारखे रेखावृत्त ध्रुवाकडे एकत्र येतात, हे मी एक संत्रे सोलूनच तिला दाखवले. दहावीच्या मुलांना वर्षानुवर्षे साइन शिकवणारा मी, हेच शिकवून घेण्यासाठी दोन लाख चाळीस हजार मोजून बसलो होतो, हे त्या वेळी मला फार लागले.

पण सगळ्यांच्या घरी गणिताचा शिक्षक नसतो आणि नेव्हिगेशनसारख्या विषयाला मार्गदर्शन लागते, हेही खरे आहे. पहिल्या प्रयत्नात तिला नेव्हिगेशनमध्ये ६८ टक्के मिळाले. दोन टक्क्यांनी पेपर हुकला, तेव्हा तिने पुण्यातील एका शिक्षकांकडे केवळ त्या विषयाची दीड महिन्याची शिकवणी लावली. त्यांनी फी महिन्याच्या महिन्याला घेतली, पहिले दोन तास विनामूल्य बसू दिले आणि कागदपत्रे मागितली नाहीत. क्लास लावायचा तर असा, गरजेपुरता लावावा. वर्षाची फी एकदम भरू नये, मूळ गुणपत्रिका कोणाच्याही कपाटात ठेवू नये, पावतीवर विषय आणि तास लिहून घ्यावेत आणि कोणी नियम दाखवला तर तो कोणत्या देशाचा आहे, हे आधी विचारावे. माझ्या मुलीने ते पहिल्या भेटीतच विचारले होते.

दुसऱ्या प्रयत्नात ती नेव्हिगेशनमध्ये उत्तीर्ण झाली. टेक्निकल जनरलही झाले आहे. आयोगापुढे पुढची तारीख लागली आहे आणि पतसंस्थेचा हप्ता दरमहा पगारातून कापला जातो. टेक्निकल स्पेसिफिकचा पेपर तिने अजून दिलेला नाही, कारण विमान कोणते, हे अद्याप ठरलेले नाही.