ब्राउझरमधील ‘इंटल’: बहुभाषिक वेबसाठी भक्कम पाया

वेब अ‍ॅप्लिकेशन अनेक भाषांत चालवायचे असेल, तर जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेतील ‘इंटल’ (Intl) ही संख्या, तारखा यांसारख्या गोष्टी प्रत्येक भाषेच्या रीतीने मांडणारी सुविधा आधी वापरून पाहावी, असे माझे ठाम मत आहे. २०१२ साली प्रमाणित झालेल्या या सुविधेला युनिकोडच्या सीएलडीआर या, निरनिराळ्या भाषा-प्रदेशांच्या लेखनरीती नोंदवणाऱ्या माहितीसाठ्याचा आधार असल्यामुळे एकच संख्या जर्मनमध्ये 1.234.567,89, तर मराठीत १२,३४,५६७.८९ अशी दिसते आणि त्यासाठी वेगळी लायब्ररी (तयार कोडचा संच) जोडावी लागत नाही. अनेकवचनाची हाताळणी तर फारच उत्तम आहे: अरबीतील संख्येनुसार बदलणारे सहाही प्रकार ती नेमके ओळखते, जिथे बहुतेक प्रोग्रामर ‘एक’ आणि ‘अनेक’ यांवरच थांबतात आणि वाचकाच्या वाट्याला अशुद्ध वाक्ये येतात. भाषांतरे साठवण्याची सोय मात्र तिच्यात नाही. ती स्वतंत्रपणे करावी लागते.