बॅटरी गेली म्हणाले, डायनामो गेला म्हणाले… खराब होती अर्थची पट्टी

आम्ही निफाडचे. इथली थंडी पेपरात येते ती कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरच्या पाऱ्यामुळे. आम्हाला ती पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवताना कळते. मागच्या जानेवारीत पारा सहावर आला होता. आबांचं नाशिकला डायलिसिस असतं, त्यामुळे साडेपाचला गाडी काढावीच लागते. त्या दिवशी सेल्फ मारला, इंजिन दोनदा जडपणे फिरलं आणि नंतर नुसतं टक, टक, टक. आबा मागच्या सीटवर घोंगडी पांघरून बसलेले. शेजाऱ्यांची गाडी मागून नेली, वेळ निभावली.

दुपारी गाडी आपोआप सुरू झाली, म्हणून हायवेवरच्या एका गॅरेजात नेली. त्याने बॉनेट उघडलं, व्होल्टेज मोजायचा मीटर लावलाच नाही. "बॅटरी संपली, थंडीत टिकत नाही." नवी घेतली, 5,800 रुपये. जुनी त्याने ठेवून घेतली. ती वॉरंटीत होती हे घरी आल्यावर कार्ड पाहून लक्षात आलं. जुन्या बॅटरीतल्या शिशाला पैसे मिळतात, तेही त्याच्याच खिशात गेले.

आठ दिवसांनी तीच टकटक. या वेळी त्याने चालू गाडीत हेडलाइट लावून बॅटरीची निगेटिव्ह वायर उपसली. इंजिन बंद पडलं. "बघा साहेब, डायनामो बॅटरी चार्जच करत नाही." मला ते पटलं. ही चाचणी नाही, हे आज मला माहीत आहे. चालू इंजिनात बॅटरी काढली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि गाडीचा ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटरसुद्धा जळू शकतो. कुणालाही असं करू देऊ नका, हात धरून थांबवा. त्या दिवशी मी 12,500 रुपये नव्या डायनामोचे आणि 1,500 मजुरीचे देऊन आलो.

चार दिवसांत गाडी पुन्हा बसली. मग लासलगावच्या एका ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. तो आधी डायनामोकडे बघत राहिला, मग नखाने खरवडू लागला. चंदेरी रंगाखालून कंपनीचं जुनं स्टिकर निघालं. त्यावरचा महिना-वर्ष माझ्या गाडीच्याच महिन्याचा. रंगाचे शिंतोडे कनेक्टरच्या काळ्या प्लॅस्टिकवरही उडालेले. माझाच डायनामो पुसून, रंगवून मला विकला होता.

मग त्याने मीटर काढला. गाडी चालू, हेडलाइट आणि ब्लोअर लावलेले. डायनामोच्या बॉडीपासून त्याच्या जाड वायरच्या बोल्टपर्यंत 14.2 व्होल्ट, बॅटरीवर मात्र 13.3. मग एक पिन डायनामोच्या बॉडीला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला: 0.9. "हे 0.2 च्या आत पाहिजे." इंजिनापासून गाडीच्या बॉडीला जाणारी अर्थची पट्टी बोल्टपाशी हिरवट भुसा झाली होती, हाताने ओढली तर तारा गळून पडल्या. डायनामोचं पूर्ण व्होल्टेज बॅटरीपर्यंत जातच नव्हतं, आणि सेल्फचा करंटही त्याच पट्टीतून जातो. थंडीत ऑइल घट्ट होतं, बॅटरीची ताकदही घटते, म्हणून पहाटे अडायचं. दुपारी ऊन तापलं की चालायचं, आणि म्हणूनच गॅरेजवाल्याला मला काहीही सांगता येत होतं. नवी पट्टी आणि मजुरी मिळून 350 रुपये लागले.

म्हणून थंडीत गाडी अडली की बॅटरीचा शब्द निघण्याआधी मीटर लावायला सांगा. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे, 12.2 म्हणजे साधारण निम्मी. गाडी चालू असताना 13.8 ते 14.5 दिसलं पाहिजे. टर्मिनल, अर्थ आणि बेल्ट बघितल्याशिवाय डायनामो खोलू देऊ नका. काढलेला पार्ट घरी न्या, बदलण्याआधी त्याचा नंबर आणि फोटो घ्या. मीटर काही शे रुपयांत मिळतो, मी घेतलाय.

त्या गॅरेजात परत गेलो तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "बिल दाखवा." माझ्याकडे कॅलेंडरच्या फाटक्या पानावर लिहिलेला आकडा होता: काम 14,000. पार्टचं नाव नाही, नंबर नाही, शिक्का नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, रंगवलेल्या डायनामोचे फोटो जोडलेत. पैसे अजून मिळालेले नाहीत. तो डायनामो गाडीत नीट चालतोय. कधीच बिघडला नव्हता.