निक्कुदची कार्डं: मात्रांचं काम चोख, श्वाचं अर्धवट

भायखळ्याला स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा हा 48 कार्डांचा संच हिब्रू स्वरचिन्हं, म्हणजे निक्कुद, मराठीतून शिकवतो. किंमत 350 रुपये. मुळाक्षरं ओळखता येत असतील तरच घ्या. अक्षरं आणि चिन्हं एकदम शिकायला गेलं की दोन्ही कच्ची राहतात.

देवनागरी उच्चार कार्डाच्या मागे छापलाय, हे उत्तम. शेजारी असता तर नजर आपोआप तिकडेच गेली असती.

मांडणी जोड्यांची आहे आणि मराठी माणसाला तीच हवी. आपण इ-ई, उ-ऊ असा ह्रस्व-दीर्घ भेद शोधत बसतो. आजच्या हिब्रू उच्चारात तो नाही. कामात्स आणि पताख दोन्ही ‘आ’, त्सेरे आणि सेगोल दोन्ही ‘ए’, कुबुत्स आणि शुरुक दोन्ही ‘उ’. पहिला आठवडा फक्त ‘आ’ आणि ‘ए’ची चार चिन्हं घ्या, रोज दहा मिनिटं. खालचं चिन्ह अक्षरानंतर वाचायचं, हे मात्रा येणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

छपाई मोठी आणि स्वच्छ आहे. निक्कुदमध्ये हे फार महत्त्वाचं, कारण पताखची आडवी रेघ आणि कामात्स यांत फरक एका छोट्या दांडीचा. सोबतचा घडीचा तक्ता मात्र झेरॉक्स आहे आणि त्यात ही दांडी उडाली आहे. तो बाजूला ठेवा.

खरी उणीव श्वामध्ये. दोन टिंबं एकाखाली एक म्हणजे श्वा, शेजारी-शेजारी म्हणजे त्सेरे. संचात श्वाच्या तिन्ही कार्डांमागे नुसतं ‘अर्धं अक्षर’ लिहिलंय. ‘मिद्बार’मधल्या ‘द्’ला ते लागू आहे. पण शब्दाच्या सुरुवातीचा श्वा हलका ‘ए’ होतो. तोराचा, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाचा, पहिलाच शब्द घ्या, ‘बेरेशीत’: ‘बे’खाली श्वा, ‘रे’खाली त्सेरे. कार्डाप्रमाणे वाचलं तर ‘ब्रेशीत’ होईल. रोजच्या बोलण्यात ते चालतं, प्रार्थना वाचताना नाही. मध्ये लागोपाठ दोन श्वा आले तर पहिला मुका, दुसरा बोलका: ‘यिश्मेरू’.

कामात्स कधी ‘ओ’ होतो, हे तर कुठेच नाही. ‘होखमा’ शब्दात दोन कामात्स दिसायला सारखे. पहिला ‘ओ’, दुसरा ‘आ’. आघात नसलेल्या, व्यंजनावर संपणाऱ्या अवयवात (शब्दाच्या एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यात) तो ‘ओ’ वाचायचा.

शब्दाच्या शेवटी येणाऱ्या खेत या अक्षराखालच्या पताखचं कार्ड आहे आणि ते छान जमलंय. ‘रूआख’मध्ये तो ‘आ’ खेतच्या आधी येतो, आपल्या रफारासारखा: लिहायचा पुढच्या अक्षरावर, वाचायचा आधी. ‘मोशे’चं कार्डही हवं होतं. त्यात मेम (‘म’) अक्षरावरचा होलाम, म्हणजे ‘ओ’चं टिंब, आणि शीन (‘श’) अक्षराचं उजवं टिंब पुष्कळ छापील पुस्तकांत एकच होऊन बसतं आणि नवशिका ‘ओ’ गाळतो.

मुंबईतल्या शाआर हारहामीमसारख्या जुन्या सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) सिद्दूर, म्हणजे प्रार्थनेचं पुस्तक, हातात घेऊन ओळ धरता यावी, एवढी तयारी यातून होते. कागद मॅट आहे, पावसाळ्यात कडा फुगतात, म्हणून लॅमिनेशन करून घ्या. त्याआधी श्वाच्या कार्डांमागे पेनाने लिहा: ‘सुरुवातीला ए’.