जेल सील की वेगवेगळे वाल्व?
कुपवाड एमआयडीसीत रबर मोल्डिंगवाल्या मित्राकडं चहाला बसलो आणि दुर्बिणीनं पोटाचं ऑपरेशन करताना छेदात बसवायच्या पोर्टाला, म्हणजे इन्स्ट्रुमेंट आत घालायच्या तोंडाला, कुठलं सील लावायचं हाच वाद निघाला. बेंबीजवळच्या एकाच छेदातून दोन-तीन इन्स्ट्रुमेंट घालायची आणि पोटात १२-१५ एमएमएचजी (पाऱ्याचे मिलिमीटर) प्रेशरनं भरलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर सुटू द्यायचा नाही, काम एवढंच पण लय किचकट. जेलची टोपी असली तर कुठंही भोसका, कसंही तिरकं फिरवा, फक्त सारखं आत-बाहेर केलं की जेल फाटतं आणि गॅस सुटतो.

वाल्वमध्ये रबरी रिंग इन्स्ट्रुमेंटच्या दांड्याला आवळते, दांडा काढला की आतली बदकाच्या चोचीसारखी झडप आपोआप मिटते. पण जागा ठरलेल्या, त्यात जाड दांड्यासाठीच्या मोठ्या वाल्वात ५ एमएमचा दांडा तिरका झाला की रिंग एका बाजूनं उघडी पडते. रिंग तरंगती ठेवली तर ती दांड्याबरोबर सरकते, म्हणून मी वाल्वच घेईन. मित्र जेलवर अडून, त्याला साचा सोपा पडतो ना!