गॅरेजच्या भिंतीची ओल: मिस्त्रींच्या कामाचा दोन पावसाळ्यांनंतरचा अनुभव

आमचं घर देवरुखला. गॅरेज घराच्या पश्चिमेला, भिंती चिऱ्याच्या, आतून सिमेंटचा गिलावा, वर पत्रा. आत जीप, पॉवर टिलर आणि भाताची पोती. चिरा दिसायला दणकट, पण पाणी पितो. आषाढ लागला की भिंत कमरेपर्यंत काळपट पडायची आणि पाऊस सरला की तिथेच लोणा फुटायचा. हात फिरवला की बोटांना पांढरी भुकटी. पाने गंजले ते एक वेळ चाललं, पण एका वर्षी खालच्या थरातली दोन पोती बुरशीने गेली. ते फार लागलं.

आधी एका ठेकेदाराकडून आतून वॉटरप्रूफ रंग मारून घेतला होता. पाच वर्षांची गॅरंटी दिली होती. गणपतीपर्यंत रंगाला पुरीएवढे फुगे आले. एक फुगा नखाने फोडला तर आतून पाण्याची धार मनगटापर्यंत ओघळली. त्यानंतर त्यांनी फोन उचलला नाही.

मग गावातल्याच एका मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी भाव सांगितला नाही, आधी दोन हात लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा कागद मागितला. तो भिंतीला लावून चारही कडा चिकटपट्टीने बंद केल्या. दोन दिवसांनी बघितलं तर कागदाच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे, थेंब जमलेले. म्हणाले, "काका, हवेचा दमटपणा असता तर थेंब पुढून दिसले असते. पाणी भिंतीतून येतंय, आतून कितीही थापा."

खरं काम बाहेर झालं. वर्षानुवर्षं माती साचून जोतं गाडलं गेलं होतं, आम्हाला त्याचं भानच नव्हतं. मिस्त्रींनी ती माती वीतभर खाली उतरवली, भिंतीपासून दीड हातावर चर खणून त्याला परसाकडे उतार दिला. चिऱ्यांच्या दर्जा, म्हणजे मधले सांधे, खरवडून नव्याने भरल्या. पत्रा दोन फूट पुढे काढला आणि पन्हळ लावली, कारण पागोळ्या थेट जोत्यावर पडायच्या. आतला सिमेंटचा गिलावा चार फुटांपर्यंत काढून चुन्याचा केला. चुन्यातून भिंतीचा ओलावा बाहेर पडत राहतो, सिमेंट आणि ऑइलपेंट तो आत कोंडतात. खाली आणि वर समोरासमोर जाळ्या बसवल्या.

मला भिंतीला आतून थर्माकोलही लावून हवं होतं, उन्हाळ्यात आत भट्टी होते म्हणून. त्यांनी साफ नकार दिला. ओल्या भिंतीवर थर्माकोल लावलं की ओल मागे राहते आणि बुरशी दिसतही नाही. त्याऐवजी पत्र्याखाली बोटभर फट ठेवून चंदेरी फॉइलचं इन्सुलेशन लावलं. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पहाटे पत्र्याला आतून घाम यायचा आणि जीपच्या टपावर टपटप पडायचा, तो थांबला. दुपारची धगही बरीच कमी झाली.

खर्च ३८,००० रुपये, मजुरीसकट. वेळेच्या बाबतीत मात्र माझी तक्रार आहे. अक्षय्य तृतीयेला येतो म्हणाले आणि तीन आठवडे उशिरा आले. शेवटची पन्हळ मृगाच्या तोंडावर, भर वाऱ्यात चढवावी लागली. चुना वाळायला आणखी सवड मिळाली असती तर बरं झालं असतं.

दोन पावसाळे झाले. पहिल्या वर्षी थोडा लोणा आला, मिस्त्रींनी आधीच सांगितलं होतं की भिंतीत मुरलेला खार बाहेर पडेल, कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका. तसंच केलं. यंदा पश्चिमेची भिंत श्रावणातही हाताला कोरडी लागली. पोती तरीही लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांबच ठेवतो. विहिरीकडचा कोपरा अजून ओला आहे. तिथे चर पुढे न्यायला मिस्त्री दिवाळीनंतर येणार आहेत, आणि मी त्यांनाच बोलावलंय.