एसटीसी-१००० : हीट पंपाला चालतो, सोलरच्या पंपाला नाही

काही शे रुपयांत मिळणारा हा थर्मोस्टॅट गच्चीवरच्या सोलर हीटरच्या पॅनलमध्ये सर्रास बसवला जातो. २३० व्होल्ट पुरवठा, एक १० किलोओहमचा एनटीसी प्रोब (तापमानाप्रमाणे रोध बदलणारा सेन्सर), हीटिंग आणि कूलिंग असे दोन १० अँपियरचे रिले (विजेवर चालणारे स्विच), आणि अचूकता साधारण एक अंश. किमतीच्या मानाने झकास. घोटाळा होतो तो त्याला नको ते काम दिल्यावर.

सोलरच्या टाकीला जोडलेला हीट पंप (हवेतली उष्णता पाण्यात आणणारं यंत्र) कधी चालवायचा, एवढं ठरवायला तो पुरेसा आहे. टर्मिनल १-२ ला वीज, ३-४ ला प्रोब, ५-६ ला हीटिंग. ५-६ हा नुसता कोरडा स्विच आहे, त्यातून आपोआप २३० व्होल्ट येत नाहीत. म्हणून हीट पंपाच्या बोर्डावर रिमोट ऑन-ऑफची जागा असेल तर तिथेच जोडावा. मेन लाइन तोडून पंप बंद करू नये. कॉइल हीटर असेल तर मध्ये कॉन्टॅक्टर (जास्त करंट पेलणारा मोठा रिले) हवाच. ३ किलोवॅटचा हीटर १३ अँपियर ओढतो, रिलेचे पॉइंट चिकटतात आणि पाणी उकळत राहतं.

सेटिंगसाठी ‘एस’ बटण तीन सेकंद दाबून धरायचं. एफ१ (हवं ते तापमान) ५० आणि एफ२ (किती अंश घसरल्यावर चालू व्हायचं) ५ ठेवलं की ४५ ला चालू, ५० ला बंद. एफ२ कंपनीकडून ०.५ वर येतो. तसाच सोडला तर कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद होत राहतो. एफ३ च्या (कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होण्याआधीच्या) विलंबावरही विसंबू नका, तो कूलिंग रिलेसाठी आहे. एफ४ (प्रोबच्या आकड्यातली चूक सुधारणं) लावायला प्रोब बर्फाच्या चुऱ्याच्या पाण्यात बुडवायचा, आकडा शून्य दिसला पाहिजे.

प्रोब टाकीच्या वरच्या एक तृतीयांश भागात, थर्मोवेलमध्ये (टाकीत शिरणारी, आतून बंद नळी), थर्मल पेस्ट लावून बसवावा. तळाशी बसवला तर पहिल्याच बादलीला खाली थंड पाणी शिरतं आणि वर गरम पाणी असूनही पंप सुरू होतो.

मोठी उणीव म्हणजे याला घड्याळ नाही. ५०० लिटर पाणी २५ वरून ५५ वर न्यायला सुमारे १७.४ युनिट उष्णता लागते. सीओपी (एक युनिट विजेमागे मिळणारी उष्णतेची युनिटं) ३ धरला तर वीज ५.८ युनिट. सकाळच्या आंघोळी उरकताच हीट पंपाने ती उष्णता भरून टाकली तर दिवसभराच्या उन्हाला काम काय उरलं? म्हणून ५-६ च्या सीरिजमध्ये टायमर टाकावा आणि मुभा दुपारी ४ नंतरच द्यावी. हवा तेव्हा उबदार असते, त्यामुळे सीओपीही बरा मिळतो. पावसाळ्यात वेळ अलीकडे आणावी.

सोलरच्या सर्क्युलेशन पंपाला (कलेक्टर, म्हणजे उन्हात पाणी तापवणारा भाग, आणि टाकी यांत पाणी फिरवणारा) मात्र हा लावूच नका. प्रोब एकच, त्यामुळे कलेक्टर आणि टाकी यांतला फरक त्याला कळतच नाही. कलेक्टरवर ५० ची मर्यादा लावली की टाकी ६० वर असतानाही पंप फिरतो आणि गरम पाणी वर नेऊन थंड करतो. उलट टाकी २५ आणि कलेक्टर ४५ असताना स्वस्थ बसतो. शिवाय ९९ च्या पुढे ‘एचएच’ (मोजमापाच्या मर्यादेबाहेर) दिसतं, आणि पाणी न फिरणाऱ्या ट्यूबच्या उष्णतेत प्रोबची पीव्हीसी वायर वितळते. तिथे पीटी१००० (जास्त उष्णता सोसणारा प्लॅटिनमचा) प्रोबचा डिफरन्शियल कंट्रोलरच घ्यावा, जो दोन ठिकाणच्या तापमानातला फरक पाहतो : ६ ते ८ अंश फरकाला चालू, ३ ते ४ ला बंद. थर्मोसायफनच्या (गरम पाणी आपोआप वर चढतं अशा) घरगुती हीटरला पंपच नसतो, तेव्हा तो खर्च वाचला.

‘ईई’ (प्रोबमध्ये बिघाड) दिसलं तर थर्मोस्टॅट फेकू नका. आधी प्रोब सोडवून मल्टिमीटर लावा. २५ अंशाला १० किलोओहमच्या आसपास आकडा आला नाही, तर फक्त प्रोब बदलावा.